दापोलीतील मोकळी दुपार

दापोली हे रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातले तालुक्याचे गाव आहे. कोकण रेल्वेच्या खेड स्थानकापासून ते सुमारे तीस किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरांच्या आसपास उंचीच्या पठारावर वसले आहे. मुंबई-पुण्याकडून येणाऱ्या बहुतेक पर्यटकांना मात्र ते मुक्कामाचे गाव वाटत नाही. मुरूड, कर्दे, लाडघर, हर्णै, आंजर्ले हे किनारे पुढे दिसत असतात आणि दापोली म्हणजे पेट्रोल भरण्याची, पैसे काढण्याची आणि चहा घेण्याची जागा एवढीच तिची ओळख उरते. हा या गावावर अन्याय आहे. दापोली हे कृषी विद्यापीठाचे गाव आहे, त्याआधी ते शाळेचे गाव होते आणि त्याही आधी निवृत्त शिपायांचे. किनाऱ्यावरच्या दोन दिवसांतली एक दुपार या तीन गोष्टी पाहण्यात घालवली, तर ती वाया जात नाही.

खेडहून येणारा रस्ता वळणे घेत चढत जातो. जांभ्या दगडाचा हा मुलूख आहे. उन्हाळ्यात कातळ उघडा पडतो आणि पावसाळ्यात त्याच कातळावर गवत तरारते. वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पर्यटनाच्या जाहिराती दापोलीला ‘मिनी महाबळेश्वर’ म्हणतात. महाबळेश्वर तेराशे मीटरांहून उंच आहे, तेव्हा ही उपमा जरा ताणलेलीच म्हणायची. तरीही किनारपट्टीच्या मानाने इथली हवा कोरडी आणि हलकी असते, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा कधी कधी दहा अंशांच्या जवळ येतो, हे खरे. इंग्रजांनी हे ठिकाण निवडले त्यामागे हवेचा वाटा होताच.

गाव लहान आहे. एसटी स्थानक, बाजारपेठ, केळसकर नाका, आझाद मैदान, कचेऱ्या आणि शाळा एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मोटार एका जागी उभी करून पायीच फिरावे. कोकणातल्या बऱ्याच गावांप्रमाणे इथेही दुपारी एकनंतर अनेक दुकानांची फळी पडते आणि ती चारच्या सुमाराला उघडते. खरेदीचा बेत त्यामुळे शेवटी ठेवावा आणि दुपारची सुरुवात जेवणाने करावी. मासळी हर्णै बंदरातून येते आणि अंतर थोडे असल्याने ती ताजी असते. बांगडा किंवा सुरमईचे ताट, तांदळाची भाकरी, सोलकढी हा नेहमीचा बेत. शाकाहारी माणसाने कुळथाचे पिठले मिळते का ते विचारावे. ते फलकावर लिहिलेले नसले तरी स्वयंपाकघरात असण्याची शक्यता असते.

खानावळीत बसल्यावर गावाचा दुसरा चेहरा कळतो. कृषी शाखेचे प्रवेश राज्यपातळीवर होतात, त्यामुळे विदर्भ, मराठवाडा, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र अशा सगळ्या भागांतली मुले-मुली इथे चार-चार वर्षे राहतात. शेजारच्या टेबलावर वऱ्हाडी बोली ऐकू येते, पलीकडे कोल्हापुरी, आणि वाढणारा माणूस कोकणी हेल काढून दोघांनाही उत्तर देत असतो. घाटावरच्या मुलांना पहिल्या वर्षी दोन गोष्टी जड जातात, एक भात आणि दुसरा जुलैचा पाऊस.

गावाचा इतिहास आझाद मैदानाच्या परिसरापासून पाहायला घ्यावा. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि कोकण इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्याच सुमारास दक्षिण कोकणातल्या फौजेसाठी दापोलीत लष्करी छावणी घातली गेली. ‘कॅम्प दापोली’ हे नाव तेव्हाचे. जुनी माणसे आजही ते वापरतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याकडे नियमित फौज हलवली गेली, पण सेवेतून मोकळे झालेले शिपाई आणि त्यांची कुटुंबे इथेच राहिली. सरळ रेषेतले रस्ते, मोकळी मैदाने, पडके चर्च, युरोपियनांची जुनी दफनभूमी या खुणा त्या काळातल्या आहेत. त्या नेटकेपणाने जपलेल्या नाहीत. माहितीचे फलकही अपुरे आहेत. विचारत विचारत जावे लागते.

या छावणीने दिलेली खरी गोष्ट दगडात सापडत नाही. कंपनी सरकारच्या आणि पुढे ब्रिटिश फौजेत कोकणातल्या महार समाजातून मोठी भरती होत असे. पलटणीत मुलांसाठी शाळा असत आणि शिपायांना लिहावे-वाचावे लागे. त्यामुळे निवृत्त होऊन दापोलीत राहिलेल्या अस्पृश्य समाजातल्या पेन्शनरांमध्ये साक्षर, जग पाहिलेली माणसे होती. गोपाळबाबा वलंगकर हे त्यांपैकी एक. महाडजवळच्या रावढळचे हे गृहस्थ १८८६ मध्ये फौजेतून निवृत्त झाले आणि दापोलीत राहू लागले. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. ‘विटाळ विध्वंसन’ ही अस्पृश्यतेवर प्रश्नांची सरबत्ती करणारी पुस्तिका त्यांनी लिहिली आणि ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ ही संस्था चालवली. महारांची लष्करातली भरती बंद झाली तेव्हा तिच्याविरुद्ध सरकारकडे अर्ज करण्यातही ते पुढे होते. दलित चळवळीच्या इतिहासात या माणसाला आरंभीचे स्थान आहे. गावातून फिरणाऱ्या पर्यटकाला मात्र त्यांचे नाव सहसा ऐकायला मिळत नाही.

सुभेदार रामजी सकपाळ हेही लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंबासह दापोलीला आले. मूळ गाव आंबडवे, आजच्या मंडणगड तालुक्यातले. धाकटा मुलगा भीमराव तेव्हा अगदी लहान होता. दापोलीत कायमचे राहावे असा रामजींचा विचार होता, पण तो बदलला आणि कुटुंब साताऱ्याला गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत हा दापोलीचा मुक्काम नोंदवून ठेवला आहे. रमाबाई आंबेडकर यांचे माहेर वणंद हे गावही दापोलीजवळच आहे. त्यांचे वडील बंदरावरून माशांच्या टोपल्या वाहून नेण्याचे काम करत. वणंदला रमाबाईंचे स्मारक आहे आणि वाहन असेल तर तिथे जाऊन यायला फार वेळ लागत नाही.

छावणीमागोमाग मिशनरी आले आणि त्यांच्याबरोबर इंग्रजी शाळा. एस.पी.जी. मिशनच्या शाळेने दापोलीला आसपासच्या पन्नास खेड्यांचे शिक्षणाचे ठिकाण बनवले. मिशनरी आल्फ्रेड गॅडने यांचे नाव ए. जी. हायस्कूलच्या रूपाने अजून टिकून आहे. संस्कृत पंडित आणि धर्मशास्त्राच्या इतिहासाचे लेखक पां. वा. काणे यांचे वडील दापोलीत वकिली करत. काण्यांचे शालेय शिक्षण याच मिशन शाळेत झाले. पालगडचे साने गुरुजीही दापोलीत शिकायला होते. ‘श्यामची आई’ वाचलेल्यांना दापोलीहून पालगडला पायी जाणारा श्याम आठवेल. ते अंतर आज मोटारीने काही मिनिटांचे आहे. घाटवळणांवरून खाली पाहिले की शाळकरी पायांना ते काय पडत असेल याचा अंदाज येतो.

चालण्याची याहून मोठी गोष्ट धोंडो केशव कर्व्यांची आहे. मुरूडला वाढलेल्या या मुलाला सहावीच्या सार्वजनिक परीक्षेला बसायचे होते आणि ती साताऱ्याला होती. भर पावसात सह्याद्री ओलांडून तो काही सोबत्यांबरोबर पायी साताऱ्याला पोचला. तिथे परीक्षा समितीने त्याची चण पाहून वय कमी असल्याचे ठरवले आणि परीक्षेला बसूच दिले नाही. याच माणसाने पुढे १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय र. पु. परांजपे हेही याच तालुक्यातल्या मुर्डीचे. कर्वे (१९५८), काणे (१९६३) आणि आंबेडकर (१९९०) अशा तीन भारतरत्नांच्या बालपणाचा धागा या एका लहानशा टापूशी जोडलेला आहे. दापोलीकर हे अभिमानाने सांगतात आणि त्यांनी ते सांगावे. फक्त त्यामागे पाण्याचा गुण नव्हता, पेन्शन होती आणि शाळा होती. ज्या गावात नियमित रोख उत्पन्न येते आणि इंग्रजी शाळा असते, तिथून मुले बाहेर पडतात. कोकणच्या बाकी भागांत तेव्हा या दोन्हींची टंचाई होती.

तिसरा टप्पा विद्यापीठाचा. दापोलीत कृषी महाविद्यालय १९६५ मध्ये सुरू झाले आणि १८ मे १९७२ रोजी कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांपैकी हे एक, बाकीची राहुरी, अकोला आणि परभणी येथे आहेत. १९६३ मध्ये मारोतराव कन्नमवारांच्या निधनानंतर काही दिवस मुख्यमंत्रिपद सांभाळलेले बाळासाहेब सावंत यांचे नाव पुढे विद्यापीठाला देण्यात आले. एवढ्या लहान गावात विद्यापीठाचे मुख्यालय असणे हे आजही नवलाचेच आहे. त्याचा परिणाम असा की गावाची हद्द कुठे संपते आणि विद्यापीठाची कुठे सुरू होते हे पटकन कळत नाही. रस्त्याच्या एका बाजूला घरे असतात आणि दुसऱ्या बाजूला आंब्याच्या किंवा काजूच्या प्रयोगाच्या ओळी.

पाहुण्याने विद्यापीठात काय पाहावे, तर रोपवाटिका. इमारती इतर सरकारी इमारतींसारख्याच आहेत. रोपवाटिकेत मात्र गेल्या अर्धशतकात कोकणच्या शेतीत काय बदलले हे हाताने चाचपता येते. आंब्याचे उदाहरण घ्यावे. हापूसला चवीत तोड नाही, पण बागायतदाराला तो तीन प्रकारे छळतो. एक वर्ष भरभरून येतो आणि पुढच्या वर्षी रुसतो. फळात साका होतो, म्हणजे बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या आंब्याचा आतला गर पांढरट, स्पंजासारखा आणि बेचव निघतो. आणि थोडी जरी हवा बिघडली तरी मोहोर गळतो. यावर उपाय म्हणून नीलम आणि हापूस यांचा संकर करून ‘रत्ना’ ही जात काढण्यात आली आणि १९८१ मध्ये ती प्रसारित झाली. फळ हापूसपेक्षा मोठे, दरवर्षी धरणारे आणि साक्यापासून मुक्त. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून ‘सिंधू’ आली. तिची कोय इतकी पातळ की फळ जवळजवळ बिनकोयीचेच वाटते. लोणच्यासाठी ‘कोकण रुची’ ही वेगळी जात आहे. बाजारात हापूसची गादी यांपैकी कोणी घेतलेली नाही, हेही सांगायला हवे. गिऱ्हाईक नाव विकत घेते, आणि हापूसचे नाव फार जुने आहे. म्हणून विद्यापीठाने हापूसलाच वळण लावण्याचा मार्गही शोधला. पॅक्लोब्युट्राझोल हे वाढरोधक पावसाळ्यात झाडाच्या बुंध्याभोवती मातीत दिले की पालवी आवरली जाते आणि मोहोर दरवर्षी व लवकर येतो. आज कोकणातल्या बागांमध्ये ही पद्धत सर्रास वापरली जाते.

कलम बांधण्याचे काम जून ते ऑगस्टमध्ये पाहायला मिळाले तर ते चुकवू नये. आंब्याची कोय वाफ्यात रुजवतात. कोंब वर येऊन पाने अजून तांबूस असतानाच, साधारण आठ ते पंधरा दिवसांच्या रोपाचा शेंडा छाटतात आणि खोडाला उभी चीर देतात. हव्या त्या जातीच्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. याला कोयकलम म्हणतात. सरावाचा हात हे काम बोलता बोलता करतो. पूर्वीच्या भेटकलमापेक्षा हे स्वस्त आणि झटपट असल्याने मोठ्या संख्येने कलमे तयार करता येऊ लागली. १९९० नंतर रोजगार हमी योजनेतून फळबागांना अनुदान मिळाले तेव्हा याचा फार उपयोग झाला. कोकणातल्या कातळावर आज जी आंबा-काजूची हिरवळ दिसते, तिच्यामागे ही पाचर आहे.

कोकम आणि जायफळ यांची गोष्ट आणखी मजेची. या दोन्हींत नर आणि मादी झाडे सहसा वेगळी असतात. बियांपासून लावलेले झाड फुलायला सहा-सात वर्षे घेते आणि तोवर ते फळ देणार की नाही हे कळत नाही. निम्मी झाडे नर निघाली तर शेतकऱ्याची सात वर्षे पाण्यात. मादी झाडाची काडी वापरून कलम केले की हा जुगार संपतो. ‘कोकण अमृता’ हे कोकम आणि ‘कोकण सुगंधा’ हे जायफळ अशी नावे फलकांवर वाचायला मिळतात. अवजारांत ‘नूतन झेला’ पाहावा. लांब बांबूच्या टोकाला जाळी आणि पाती अशी त्याची साधी रचना आहे. आंबा देठासकट कापला जातो, त्यामुळे चीक सालीवर ओघळत नाही आणि फळ देठाकडून कुजत नाही. राज्यभर नावाजलेल्या या शोधात एकही यंत्र नाही.

रोपवाटिकेतून विक्री होते, पण ती कार्यालयीन वेळेत. शनिवार-रविवारी जाणाऱ्याने आधी चौकशी करावी. मोटारीने परतणाऱ्यांनी कलम घेताना जोड नीट सांधला आहे का आणि जोडाच्या खाली फूट आली आहे का ते पाहावे. खालची फूट मूळ रोपाची असते. ती वेळीच काढली नाही तर घरी हापूसऐवजी रायवळ वाढतो.

साडेतीनच्या सुमाराला ऊन कलले की आसूदला निघावे. हर्णैच्या रस्त्यावर सात-आठ किलोमीटरवर हे गाव आहे आणि हर्णैकडे जाणारी एसटी तिथे थांबते. रस्त्यावरून खाली उतरणारी पाखाडी नारळी-पोफळीच्या आगरांतून जाते. पोफळींवर मिऱ्याचे वेल चढवलेले असतात. पाटाचे पाणी एका आगरातून दुसऱ्यात खेळवलेले असते. तळाशी ओढा, त्यावर लहानसा पूल, आणि पलीकडे केशवराजाच्या देवळापर्यंत चढत गेलेल्या पायऱ्या. चढ थोडा आहे, पण उभा आहे. देऊळ दगडी आणि आटोपशीर. विष्णूची मूर्ती देखणी आहे. आवारात डोंगरातल्या झऱ्याचे पाणी दगडी पन्हळीने आणून गोमुखातून सोडले आहे. एका रात्रीत पांडवांनी देऊळ बांधले ही कथा इथेही सांगतात, जशी ती कोकणातल्या प्रत्येक दुसऱ्या देवळाबद्दल सांगतात. ज्याने डोंगराच्या पोटातले पाणी पंपाशिवाय इतक्या उंचीवर फिरवले, त्या अनामिक गवंड्याचे कौतुक पांडवांपेक्षा अधिक वाटते.

हाच परिसर श्री. ना. पेंडशांच्या ‘गारंबीचा बापू’ या १९५२ च्या कादंबरीचा. पेंडसे मुर्डीचे. पोफळीची दाटी, ओढा, चढ-उतारांवर विखुरलेली घरे आणि त्या दाटीतून कोंदटलेला गाव, हे सगळे त्यांनी इथूनच उचलले. कादंबरी वाचलेल्या माणसाला पाखाडी उतरताना माणसांची नावे आठवतात. न वाचलेल्याने परतल्यावर वाचावी.

इथून पुढे दोन वाटा फुटतात आणि एका दुपारीत एकच निवडावी. हर्णैला चार ते सहाच्या दरम्यान मासळीचा लिलाव असतो. होड्यांतून टोपल्या उतरतात, ओल्या वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग लागतात आणि बोली इतक्या वेगाने चढते की नवख्याला आकडे कळत नाहीत. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तो आंग्र्यांकडून घेतला, आणि मराठी आरमाराच्या उतरणीची सुरुवात तिथून झाली. हे पाहण्यासारखे आहे, पण तिथे बहुतेक पर्यटक जातातच. ज्याला घाई नाही त्याने दापोलीला परत फिरावे. पाचनंतर बाजार पुन्हा जागा होतो, विद्यार्थी वसतिगृहांतून बाहेर पडतात, झेरॉक्सच्या आणि चहाच्या दुकानांपुढे गर्दी होते, मैदानावर क्रिकेट सुरू असते. आमसुले, आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ, काजू यांची खरेदी याच वेळी करावी. मार्च-एप्रिलमध्ये ओले काजूगर मिळाले तर भाव न करता घ्यावेत.

खेडला परतणाऱ्याने संध्याकाळच्या एसटीची वेळ दुपारीच स्थानकावर विचारून ठेवावी, कारण अंधार पडल्यावर गाड्या विरळ होतात. ऋतूंबद्दल बोलायचे तर हिवाळा चालायला चांगला आणि मे महिना आंब्याला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत हर्णैचा लिलाव थंडावतो. विद्यापीठाच्या रोपवाटिकेत मात्र कलमांचा खरा हंगाम तोच.